टेकली की नाही

९ नोव्हेंबर

माझी नजर चांगली आहे. हे आज कुणाला सांगायची सोय राहिली नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

आंतरमहाविद्यालयीन कुस्ती स्पर्धेत आज एकसष्ट किलोची अंतिम लढत होती. मॅटवरचा पंच मी. लाल पोशाखात पिशोरचा शिवराज, कन्नडच्या कॉलेजचा. निळ्या पोशाखात फुलंब्रीचा अभय, शहरातल्या कॉलेजचा. शिवराज नऊ-चारनं पुढं होता. वेळ संपत आली आणि अभयनं ढाकेचा डाव टाकून त्याला पाठीवर पाडलं. दोन्ही खांदे एकदम टेकले तर कुस्ती चीत, अभय जिंकला. नाही टेकले तर गुणांवर शिवराज. मी पालथा पडलो, गाल मॅटला लावला आणि खांद्याखाली बघितलं. मला उजेड दिसला. फार नाही, पोस्टकार्ड सरकवता येईल इतका. तेवढ्यात वेळ संपली. मी शिवराजचा हात वर केला.

बाजूला बसलेल्या दोन पंचांपैकी एक म्हणाले टेकली, दुसरे म्हणाले नाही टेकली. मग ते दोघंही माझ्याकडं बघू लागले, आणि त्यांच्यामागोमाग सगळा हॉल.

चष्मा नवा आहे. वरच्या भागातून लांबचं दिसतं, खालच्या भागातून जवळचं. पालथं पडल्यावर वरचा भाग खाली जातो का, याचा विचार मी घरी येईपर्यंत करत होतो. पण उजेड दिसला होता.

१० नोव्हेंबर

दिवसभर फोन. बहुतेक फुलंब्रीचे. एकानं नुसतं "डोळे" एवढंच म्हणून फोन ठेवला.

व्हिडिओ सगळ्यांकडं आहेत, मॅटच्या चारी बाजूंनी काढलेले. पण नेमक्या क्षणी शिवराजचे आजोबा कडुबा कडेला येऊन उभे राहिले. ते जुने पैलवान. ऐंशी ओलांडली तरी पाठ अजून दरवाजाएवढी आहे. प्रत्येक व्हिडिओत खांद्याच्या जागी कडुबांचं धोतर दिसतं. चारी बाजूंनी एकच माणूस आडवा कसा येतो, असं मी सुलेखाला विचारलं. ती म्हणाली, फिरत असतील.

सुलेखा माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला कुस्तीतलं काही कळत नाही.

१२ नोव्हेंबर

पिशोरच्या बसस्टँडवर फ्लेक्स लागला आहे. 'निःपक्ष पंच मा. प्रा. राजकुमार खरात सर यांचे जाहीर आभार.' माझा फोटो शिवराजच्या फोटोपेक्षा मोठा आहे. एका पक्षानं असे आभार मानल्यावर माणसाच्या निःपक्षपणाचं काय उरतं? कन्नडच्या मित्राला फोन करून सांगितलं की तो फ्लेक्स ताबडतोब उतरवायला सांग. आधी त्याचा एक चांगला फोटो काढून मला पाठव, हेही सांगितलं.

१३ नोव्हेंबर

आज जे झालं ते क्रीडा संचालक म्हणून माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत झालं नव्हतं.

संध्याकाळी शिवराज घरी आला. मी अभिनंदन केलं. तो चहाच्या कपाकडं बघत राहिला.

"सर, मी हरलोय," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणतो. पाठ माझी व्हती. टेकली व्हती."

मी त्याला उजेडाचं सांगितलं. तो म्हणाला, उजेड दुसऱ्या कुठला असंल. मग त्यानं तक्रार करायची पद्धत विचारली. विजेता आपल्याच विजयाविरुद्ध तक्रार करणार! मी त्याला समजावलं की पोरा, या विजयावर तुझी विद्यापीठाच्या संघात निवड झाली आहे, तुला आंतरविद्यापीठ स्पर्धेला हरियाणात जायचं आहे. तो म्हणाला, त्याच्यासाठीच तर. खऱ्या विजेत्यानं जावं, अभयनं जावं. शेवटी त्यानं विचारलं की निवड झालेला माणूस गेलाच नाही तर काय होतं. मी म्हणालो, दोन वर्षं बंदी आणि क्रीडागुण रद्द. हा नियम गेल्या वर्षी मीच सुचवला होता. त्यानं कप तसाच बशीत ठेवला आणि उठला.

तो गेल्यावर माझे डोळे भरून आले. असली पोरं अजून आहेत. सुलेखानं आतून विचारलं की ती हरियाणाची स्पर्धा कधी आहे. मी म्हणालो, डिसेंबरचा पहिला आठवडा. ती म्हणाली, "म्हणजे पोलीस भरतीच्या ग्राउंडच्याच दिवसांत की. आमच्या ताईच्या पोराचंही तेव्हाच आलंय."

मी तिला शांतपणे सांगितलं की इथं चारित्र्याचा विषय चालू आहे, भरतीचा नाही. ती हसली. का हसली कळलं नाही.

एक गोष्ट मात्र टोचते. तो एवढा सच्चा असेल, तर मी चुकलो.

१५ नोव्हेंबर

तक्रार समितीची बैठक. अध्यक्ष प्रा. इंद्रजीत, तर्कशास्त्राचे. त्यांना कुस्तीसाठी का नेमलं ते कुणालाच आठवत नाही. नेमणुका झाल्या त्या दिवशी ते बैठकीला हजर होते, एवढंच कारण असावं.

नियम असा आहे की तक्रार फक्त पराभूत खेळाडू करू शकतो. शिवराज म्हणाला, मी पराभूत आहे. सर म्हणाले, कागदावर तू विजयी आहेस, म्हणून तुला तक्रारीचा हक्क नाही. शिवराज म्हणाला, तक्रार घेतली की मी पराभूत ठरीन, मग हक्क येईल. सर म्हणाले, पण ज्या क्षणी तू पराभूत ठरशील त्या क्षणी तुझं म्हणणं मान्य झालेलं असेल, मग तक्रार कशाबद्दल? हे बोलताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की त्यांना थांबवावंसं कुणालाच वाटेना. चहा झाला. परत तेच पहिल्यापासून झालं. मग असं ठरलं की अभयला बोलवावं. तो कागदावरचा पराभूत, त्यानं तक्रार केली की गाठ सुटेल.

१८ नोव्हेंबर

गाठ सुटली नाही.

अभय आईला घेऊन आला. मनकर्णाबाई बोलायला खमक्या. अभयनं हात जोडून सांगितलं की मी हरलो, पंचांचा निर्णय मला मान्य आहे, माझी काहीच तक्रार नाही. समितीनं सुचवलं की तुला न्याय मिळू शकतो. तो म्हणाला, नको. मनकर्णाबाई म्हणाल्या, "आमचं लेकरू हरलं, आमी समाधानी हायेत. उगं जितवू नका त्याला."

फुलंब्रीहून मला शिव्या देणारे सगळे हॉलच्या बाहेर उभे होते. त्यांना हे कळल्यावर ते आतच घुसले आणि अभयला शिव्या देऊ लागले. माझ्यावर अन्याय झालाय असं म्हण, अशी त्यांची मागणी होती. तो म्हणाला, "अरे जाने दो ना भाई, मेरेकू नई पाहिजे." तिकडं कडुबा शिवराजवर तापलेले. त्यांचं म्हणणं, "नाय टेकली. म्या तिथंच उभा व्हतो." सगळे व्हिडिओ पाहिलेल्या माणसांना हे तरी नाकारता आलं नाही.

मग दोन्ही पोरं एकमेकांशी भांडू लागली. तू जिंकला. नाय, तूच जिंकला. लाज वाटू दे, तुझी ढाक काय बेक्कार बसली व्हती. अरे पण तू निसटला ना. शिपायाला मध्ये पडावं लागलं. रिक्षातून घरी येताना मी रिक्षावाल्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, साहब, असं तर माझ्या तिन्ही भावांत जमिनीवरनं कधी झालं नाही.

१९ नोव्हेंबर

पहाटे मैदानावर फिरायला गेलो तर दोघं तिथं. एकत्र सराव करत होते. आधी पळाले, मग गोळा फेकू लागले. पैलवानाला गोळाफेक कशाला, असं मी विचारलं. अभय म्हणाला, खांद्याला चांगलं असतं सर. खरं आहे, मला सुचलं नव्हतं. शिवराजनं मला क्रीडा कार्यालयातला टेप आणायला लावला आणि म्हणाला की सर, छाती मोजून द्या, आधी साधी, मग फुगवून. मी मोजली. फुगवल्यावर चांगली भरते. दोघंही खूश झाले.

वैर कसं विसरावं हे या पोरांकडून शिकावं. घरी आल्यावर सुलेखाला छातीचं सांगितलं. तिनं पोळी तव्यावरच ठेवली आणि ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. पोळी करपली.

२१ नोव्हेंबर

समितीचा निकाल: दोघंही पराभूत ठरू शकत नाहीत, दोघंही विजयी ठरू शकत नाहीत, सबब कुस्ती परत घ्यावी. मी लेखी कळवलं की माझ्याच निर्णयावर वाद आहे, पंच दुसरा नेमा. इंद्रजीत सर म्हणाले, वाद कुठं आहे? जिंकलेला म्हणतो तुम्ही चुकलात. हरलेला म्हणतो तुम्ही बरोबर आहात. दोघांचाही तुमच्यावर राग नाही. असा पंच शोधून मिळणार नाही.

रात्री झोप नाही. पोस्टकार्डाएवढा उजेड डोळ्यांपुढं येतो आणि जातो. मी खरंच बघितला, की शिवराज जिंकावा असं मला वाटत होतं म्हणून दिसला? तो गुणांवर पुढं होता, छान खेळला होता. मनात काही नव्हतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

२४ नोव्हेंबर

आजचं सगळं नीट लिहायला पाहिजे.

हॉल भरलेला. पिशोरहून दोन जीपा आणि एक हलगी, फुलंब्रीहून मोटारसायकली. मी शिट्टी वाजवली. शिवराज पुढं आला आणि त्यानं आपला उजवा पाय अभयसमोर ठेवला, घे म्हणून. अभयनं त्या पायाकडं असं बघितलं जसं एसटीत कुणी विसरलेल्या पिशवीकडं बघावं. मग तो स्वतःच गुडघ्यावर बसला आणि हळूच आडवा झाला. शिवराज घाईनं त्याच्या शेजारी आडवा झाला. दोघंही पाठीवर. चारही खांदे मॅटला टेकलेले, कुठंही उजेड नाही.

मी नियम आठवू लागलो. कुणी कुणाला धरलेलं नव्हतं, त्यामुळं चीत देता येईना. निष्क्रियतेबद्दल दोघांना ताकीद दिली. उठले. शिवराजनं अभयला मिठी मारली आणि त्याला आपल्या अंगावर ओढून घेत मागं पडायला लागला. अभय कळ आल्यासारखा ओरडला आणि निसटून बाजूला जाऊन झोपला. मी दुसरी ताकीद दिली. माझ्या मनात आलं की नम्रतेलाही काही मर्यादा असावी. हलगी थांबली होती. मागून कुणीतरी विचारलं की इथं योगासनं आहेत का.

तेव्हा कडुबा उठले. जोडे काढून कडेला नीट जोडीनं ठेवले आणि मॅटवर आले. मी आडवा गेलो, म्हणालो, बाबा, नियमात बसत नाही. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, जरा सरका." मी सरकलो. का सरकलो माहीत नाही. ते नातवाला म्हणाले, "तुला लढायचं नसंल तर बस. म्या लढतो."

हॉलमधलं हसू थांबलं. अभय उभा राहिला, हात मागं बांधून. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला हात कसा लावायचा? कडुबांनी वाकून त्याच्या गुडघ्यामागं हात घातला, दुसरा हात छातीवर ठेवला आणि सहज, पोतं कलंडावं तसं त्याला पाठीवर पाडलं. धोतराला सुरकुती पडली नाही. मग पलीकडं जाऊन जोडे घालू लागले.

असं हसू मी त्या हॉलमध्ये ऐकलं नव्हतं. फुलंब्रीची माणसंही हसत होती. मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. अभय उठला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. तो शिवराजजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "भरती गेली उडत. उभा राह्य."

कुठली भरती, ते मी विचारणार होतो, पण त्यानं शिवराजला उचललंच.

त्यानंतरची कुस्ती मला शब्दांत सांगता येणार नाही. अभयनं त्याला दोनदा आपटलं. शिवराजला बहुतेक अजून हरायचंच होतं, कारण पहिल्या आपटीला तो सैल पडला. पण दुसऱ्या वेळी अभयनं मानेवर पकड घेतली आणि शिवराजचं अंग आपोआप वळलं. पायावर पाणी पडलं की पाय जसा मागं येतो, तसं. एकदा वळल्यावर ते थांबेना. दोघांच्या अंगाची वाफ येत होती. मी मॅटभर धावत होतो, हातांनी गुण दाखवत होतो. कुणी काही ओरडत होतं का ते आठवत नाही. मला फक्त त्यांचे श्वास ऐकू येत होते. गुण बरोबरीत आले आणि शिवराजनं कंबरेखालून घुसून अभयला उचललं, फिरवलं आणि खाली घेतलं.

मी पालथा पडलो. गाल मॅटला लावला. काही नाही. काळोख. दोन्ही खांदे मॅटमध्ये रुतलेले. मी हात उचलून मॅटवर इतक्या जोरानं मारला की अजून तळवा चुरचुरतोय.

शिवराज मॅटच्या मधोमध बसला आणि तोंड झाकून रडू लागला. आनंदाश्रू. कडुबाही रडत होते. अभय मात्र हसत होता. हरलेला तोच, आणि धीर तोच देत होता. "पुढच्या साली निघंल परत," असं काहीतरी त्याच्या कानात सांगत होता. स्पर्धा दरवर्षी निघते हे खरंच आहे, पण जिंकलेल्याला हे का सांगायचं?

आज शांत झोपणार.

२७ नोव्हेंबर

काय लिहावं. माणसाच्या मोठेपणाला बुरशी लागायला तीन दिवसही लागत नाहीत.

सकाळी पेपर वाचताना सुलेखा म्हणाली, भरतीचं ग्राउंड पुढं ढकललं, प्रशासकीय कारणास्तव. मी म्हणालो, तुझ्या ताईच्या पोराला सांग. दुपारी कॉलेजात गेलो तर टेबलावर अभयची लेखी तक्रार. पंचांनी घाईनं मॅटवर हात मारला, खांदा टेकलेलाच नव्हता, आणि पहिल्या कुस्तीत तर शिवराज स्पष्ट चीत झाला होता, सबब दोन्ही कुस्त्या आपण जिंकल्या आहेत, हरियाणाला आपल्याला पाठवावं. त्यापाठोपाठ शिवराज आला. त्याचंही म्हणणं की दोन्ही कुस्त्या त्यानंच जिंकल्या, पहिल्या दिवशी पाठ टेकल्याचं तो तब्येत बरी नव्हती म्हणून बोलला.

ज्यांनी विजय नाकारला तेच हे दोघं. मी याचा दोष मोबाइलला देतो.

पण एक गंमत सांगतो. दोघांना समोर बसवलं तेव्हा मला अजिबात भीती वाटत नव्हती. ही ओळखीची तक्रार होती. मी अभयला म्हणालो, "दुसरी कुस्ती तू हरलास. माझा तळवा बघ." त्यानं बघितला. अजून थोडा लाल होता. मग तो म्हणाला, "व्हय सर. टेकली व्हती." तक्रार त्यानं स्वतःच फाडली. मग शिवराज म्हणाला की याच्याबिगर माझा सराव कुणासंगं व्हणार. मी त्याच संध्याकाळी अर्ज करून अभयला सरावाचा साथीदार म्हणून संघात घ्यायला लावलं.

३० नोव्हेंबर

रेल्वे स्टेशनवर पोरांना सोडायला गेलो होतो. कडुबांनी भाकरी आणि ठेचा पाठवला होता, मनकर्णाबाईंनी शेंगदाण्याचे लाडू. दोघांचं डबे उघडण्यावरून तिथंच भांडण सुरू झालं.

गाडीला वेळ होता. अभय पाण्याच्या बाटल्या आणायला गेला तेव्हा मी शिवराजला बाकावर बसवलं. मी म्हणालो, आता निवड झाली, कुस्ती झाली, कुणाचं काही अडकलेलं नाही. मला फक्त माझ्यासाठी कळू दे. पहिल्या दिवशी तुझी पाठ टेकली होती का?

तो रुळांकडं बघत राहिला. घरी येऊन मी हरलो म्हणाला होता तेव्हा चेहऱ्यावर जे होतं ते आज नव्हतं. लहान पोरासारखा विचार करत होता.

"सर, खरं सांगू का," तो म्हणाला. "मलाबी ठावं नाय. मान इतकी दुखत व्हती की खांदा हाय का नाय तेच कळंना. तुम्ही हात धरून वर केला, तवा कळलं."

गाडी आली. मी त्यांच्या पिशव्या आत दिल्या. दोघांनाही खिडकीच पाहिजे होती.